डीएलएसवर काच बघायची असेल तर आधी 'साइज'चा पडदा बंद करा

प्रश्न असा आला आहे: "मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. द्रवाची काच कशी होते याचा अभ्यास प्रकाशाच्या स्कॅटरिंगने करतात असं वाचलं. आमच्या विभागात नॅनोकणांचं माप काढायला डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाची लुकलुक मोजणारं) मशीन आहे. त्यावर हे जमेल का? जमलं तर पडद्यावर नेमकं काय दिसतं?"

जमेल. पण ज्या कामासाठी तुमच्या विभागाने ते मशीन घेतलं, त्या कामाची सवयच इथे घात करते. माझा केला होता. ती गोष्ट पुढे येते.

आधी काच. चिक्कीचा पाक ज्याने केलाय त्याला काच होणं म्हणजे काय हे अर्धंअधिक ठाऊक असतं. पाक उकळत ठेवला की पाणी उडत जातं, तो एकतारी होतो, गोळीबंद होतो, आणि आणखी पुढे नेला तर गार पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन कटकन मोडतो. तो मोडणारा थेंब म्हणजे साखरेची काच. खडीसाखरेत साखरेचे रेणू रांगेने बसलेले असतात. लिमलेटच्या गोळीत ते द्रवात होते तसेच अस्ताव्यस्त असतात, फक्त जागच्या जागी अडकलेले. पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात, कारण आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि वेगवेगळ्या रेणूंची अशी भेसळ झाली की रांग लागत नाही. ही भेसळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पावसाळ्यात चिक्की हाताला चिकटते त्याचंही कारण इथेच आहे. अगदी कोरड्या साखरेचं काच होण्याचं तापमान साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असतं, पण हवेतलं पाणी आत शिरलं की ते भराभर खाली येतं आणि चिक्की काचेकडून पुन्हा दाट द्रवाकडे सरकते. (या तापमानाला 'काचबिंदू' म्हणावंसं वाटतं, पण तो शब्द डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच घेतलाय. आपण 'ग्लास ट्रान्झिशन'वरून टीजीच म्हणू.)

आता अडचण बघा. एक्स-रे डिफ्रॅक्शनवर एकदा द्रव लावला आणि एकदा त्याचीच काच लावली, तर दोन्ही आलेख जवळपास सारखे दिसतात. त्याच रुंद, बसक्या टेकड्या. स्फटिकाचे टोकदार शिखर कुठेच नाही. तरी एक ओतता येतो आणि दुसरा फुटतो. दोघांत फरक पडतो तो वेळेचा. पाण्याची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) साधारण एक सहस्रांश पास्कल-सेकंद असते. टीजीची रूढ व्याख्या अशी, की जिथे व्हिस्कॉसिटी १० चा १२ वा घात इतकी होते ते तापमान. म्हणजे एकावर १५ शून्यं इतक्या पटींचा फरक. साध्या पातळ द्रवात रेणूंना आपली मांडणी बदलायला पिकोसेकंद लागतात, टीजीपाशी शंभरेक सेकंद लागतात. त्यामुळे काचेच्या वाटेवरचा द्रव अभ्यासायचा तर त्याचा फोटो काढून भागत नाही, घड्याळ लावावं लागतं. डीएलएस हे तसं घड्याळ आहे.

ते चालतं कसं? लेझर पॉइंटरचा ठिपका भिंतीवर नीट बघितला तर त्यात बारीक दाणे दिसतात. त्यांना स्पेकल म्हणतात. भिंतीवरच्या प्रत्येक खाचखळग्यातून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. भिंत हलत नाही म्हणून दाणे जागचे हलत नाहीत. तोच लेझर पाण्यात टाकलेल्या दुधाच्या थेंबातून जाऊ द्या, दाणे उकळल्यासारखे लुकलुकू लागतात, कारण आतले कण सतत इकडेतिकडे जाताहेत. डीएलएसचा डिटेक्टर यातल्या साधारण एका दाण्यावर नजर ठेवतो आणि कोरिलेटर, म्हणजे मशीनमधला तुलना करणारा भाग, एकच प्रश्न विचारत राहतो: आत्ताचा उजेड आणि टी वेळानंतरचा उजेड, दोघांत साम्य किती? टी शून्याजवळ असेल तर भरपूर. टी वाढत गेला की साम्य घटतं. किती वेळात घटलं, यावरून आतले कण किती वेळात जुनी जागा सोडून गेले ते कळतं. अंदाजासाठी: पाण्यात १०० नॅनोमीटर त्रिज्येचे कण, ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर, ९० अंशांचा कोन आणि खोलीचं तापमान असेल तर हा काळ साधारण एका मिलिसेकंदाचा येतो.

इथवर तुम्ही रोज करता तेच आहे. पुढची पायरी सॉफ्टवेअर तुमच्या नकळत चढतं. ते या काळाला स्टोक्स-आइनस्टाइनच्या सूत्रात टाकतं आणि त्रिज्या काढून देतं. सूत्राचा अर्थ मराठीत सांगायचा तर: हळू हलतोय, म्हणजे मोठा असणार.

माझा पहिला नमुना लॅपोनाइटचा होता. ही कृत्रिम चिकणमाती आहे. तिच्या चकत्या २५-३० नॅनोमीटर व्यासाच्या आणि जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या असतात. टूथपेस्ट, रंग असल्या गोष्टी दाट करायला ती वापरतात. वजनाने ३ टक्के पावडर पाण्यात घालून अर्धा-पाऊण तास ढवळली की स्वच्छ, पाण्यासारखं पातळ द्रावण मिळतं. ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून क्युवेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक कुपीत) घेतलं, मशीनमध्ये ठेवलं आणि रीडिंग घेत बसले. सुरुवातीला सॉफ्टवेअरने काही दहा नॅनोमीटर दाखवले, म्हणजे ठीकच. मग काही शे. मग मायक्रॉन. मी आलेख काढला, त्यावर 'कणांची वाढ' असं शीर्षक दिलं आणि ग्रुप मीटिंगमध्ये मांडला. सरांनी आलेखाकडे फार वेळ बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अगं, क्युवेट उलटं करून बघितलंस का?"

तशीच उठून लॅबमध्ये गेले. क्युवेट उलटं केलं. आतलं 'पाणी' वरच्या वर तळाला चिकटून राहिलं, एक थेंब खाली आला नाही. चकत्या होत्या तेवढ्याच होत्या. त्यांनी हलायचं थांबवलं होतं, आणि मशीन इमानेइतबारे त्या थांबण्याचं भाषांतर जाडीत करत होतं.

तेव्हा पहिलं काम: झेड-ॲव्हरेज (सरासरी माप), पीडीआय (मापांतला फरक), साइज डिस्ट्रिब्युशन, सगळं बंद. कोरिलेशनचा, म्हणजे त्या साम्याचा, कच्चा डेटा एक्सपोर्ट करा, आडव्या अक्षावर वेळेचा लॉगॅरिदम घ्या आणि डोळ्यांनी बघा.

ताज्या लॅपोनाइटमध्ये एकच उतार दिसेल. दोन-चार तासांनी उताराच्या खाली एक शेपूट फुटलेली दिसेल. आणखी वेळ गेला की दोन वेगळे उतार दिसतील आणि मध्ये एक सपाटी. पहिला उतार जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. दुसरा उजवीकडे सरकत जातो, मिलिसेकंदातून सेकंदात, सेकंदातून मिनिटांत. काचेकडे निघालेल्या जवळपास प्रत्येक द्रवात ही दोन पायऱ्यांची आकृती दिसते. पहिला उतार म्हणजे कण शेजाऱ्यांनी केलेल्या पिंजऱ्यात फिरतोय. दुसरा म्हणजे पिंजरा मोडून बाहेर पडला. गर्दीच्या वेळची विरार लोकल आठवा. खिशातला मोबाईल काढता येतो, पण दारापर्यंत जाता येत नाही. शेजारचा सरकला तरच तुम्ही सरकणार, आणि त्याला सरकायचं तर त्याच्या शेजाऱ्याने सरकायला हवं. सपाटीची उंची सांगते की पिंजरा किती घट्ट आहे. सपाटी जितकी वर, तितकी आत वळवळायला जागा कमी.

दुसरा उतार साध्या एक्स्पोनेन्शियलवर बसत नाही, त्यामुळे फिट नीट येईना म्हणून घाबरू नका. तो ताणलेला असतो. हे ताणलेलं सूत्र १८५४ मध्ये कोलराउश यांनी लायडन जारमधला विद्युतभार कसा ओसरतो ते मांडताना वापरलं होतं, म्हणजे काचेवाल्यांनी ते उसनं घेतलंय. त्यातला घातांक सहसा १ पेक्षा कमी येतो. कधी जेलमध्ये १ पेक्षा जास्त, दीडच्या आसपास आला तर लगेच मशीनला दोष देऊ नका. आतला साचलेला ताण हळूहळू सुटत असेल तर तसं होतं, आणि लुका चिपेलेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००० सालापासून ते बऱ्याच मऊ पदार्थांत दाखवलंय.

लॅपोनाइट घेतलं की आणखी एक घड्याळ सांभाळावं लागतं. नमुना फिल्टर केल्यापासून किती वेळ गेला, याला वेटिंग टाइम म्हणतात. हा पदार्थ म्हातारा होत जातो. सकाळचं रीडिंग आणि संध्याकाळचं रीडिंग ही दोन वेगळ्या पदार्थांची रीडिंग्ज आहेत, त्यांची सरासरी काढायची नाही. पिपेटने ओढलं, हलवलं, सांडलं, तर तो काही अंशी पुन्हा तरुण होतो. बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रंजिनी बंद्योपाध्याय आणि कानपूरच्या आयआयटीत योगेश जोशी यांच्या गटांनी या मातीच्या म्हातारपणावर वर्षानुवर्षं काम केलंय. सुरुवात त्यांच्या पेपरांपासून करा. तिला काच म्हणायचं की जेल, यावर आमच्या लोकांत बरीच भांडणं झालीत. साधारण १ टक्क्याच्या नमुन्यात कणांचं जाळं, म्हणजे जेल, तयार होतं असं मानतात, ३ टक्क्यांचं काय ते अजून प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगतो. थिसिसमध्ये 'अरेस्टेड स्टेट' (अडकलेली अवस्था) लिहा आणि वादातून सुटा.

मग लोक कोलॉइड (द्रवात तरंगणारे असे बारीक कण) का वापरतात, खरेखुरे रेणू का नाही? कारण कोलॉइडचे कण रेणूंपेक्षा हजारभर पट मोठे आणि त्यामुळे कितीतरी हळू असतात. रेणूंना पिकोसेकंद लागतात, ते यांना मिलिसेकंद लागतात. साध्या मशीनच्या टप्प्यात येतात. शिवाय त्यांच्यातलं आकर्षण-प्रतिकर्षण आपल्या हातात असतं. या विषयाला वळण देणारा प्रयोग १९८६ चा आहे. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नचे पीटर प्युझी आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे बिल व्हॅन मेगन यांनी ॲक्रिलिकचे (पीएमएमए) गोल कण घेतले. प्रत्येकाच्या अंगावर पॉलिमरच्या आखूड केसांचा थर होता, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नव्हते. लांबून ओढत नाहीत, ढकलत नाहीत, टेकले की थांबतात, म्हणजे जवळजवळ बिलियर्डचे चेंडू. इथे तापमानाचं काम गर्दी करते. एकूण जागेपैकी किती भाग कणांनी व्यापलाय, तो आकडा महत्त्वाचा. ०.४९४ पर्यंत द्रव. ०.४९४ ते ०.५४५ मध्ये द्रव आणि स्फटिक शेजारी शेजारी. त्यावर सगळा स्फटिक, बाटलीत ओपलसारखे रंग चमकतात. आणि ०.५८ च्या आसपास रंगांचे दाणे येणंच बंद. जागा भरपूर गच्च, पण रांग लागायला लागणारी हालचालच उरलेली नाही. व्हॅन मेगन आणि अंडरवुड यांनी पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच कणांवर डीएलएसची मोजमापं करून ती दोन पायऱ्यांची आकृती इतकी स्वच्छ काढली, की आजही शिकवताना तीच दाखवतात.

तिथे लिंबू कुठे पिळलं, असं विचाराल. कण सगळे अगदी एका मापाचे असतील तर ते स्फटिक होऊ बघतात आणि काच बघायला मिळत नाही. मापात १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त फरक ठेवला की रांग बिघडते. पाकातली भेसळ आणि ही भेसळ एकाच कामाची.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे आमच्यातल्या पुष्कळांची बोलती बंद झाली होती. १९९५ मध्ये कोलंबिया शटलमधून असे कोलॉइडचे नमुने वर नेले होते, निकाल १९९७ मध्ये छापून आले. जमिनीवर वर्षभराहून जास्त काळ काच राहिलेला नमुना वर गुरुत्व जवळपास नसताना दोन आठवड्यांच्या आत स्फटिक झाला. म्हणजे ज्याला आपण काच म्हणून मिरवत होतो, त्यात कणांचं खाली बसणंही आपली भूमिका करत होतं. तेव्हापासून मी कण आणि द्रव यांची घनता जुळते की नाही ते आधी बघते.

सिद्धांताकडे फार शिरत नाही. १९८४ मध्ये बेंगत्सेलियस, गोट्झ आणि शोलांडर यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे लॉइटहॉयसर यांनी मोड-कपलिंग सिद्धांत काचेला लावला. द्रवाची सरासरी रचना द्या, मी पिंजरा आणि त्याची सुटका किती वेळात ते काढून देतो, असा त्याचा दावा. सपाटीची उंची कोनानुसार कशी बदलेल, दोन उतारांच्या आकारांचं एकमेकांशी नातं काय, हे त्याने बरंच बरोबर सांगितलं आणि डीएलएसने ते दाखवलं. चुकला तो आकड्यात. त्याचा स्वतःचा काच होण्याचा आकडा ०.५२ च्या आसपास येतो, प्रयोगात ०.५८, त्यामुळे तुलना करताना आडवा अक्ष सरकवून घेतात. आणि त्या टोकाला हालचाल पूर्ण थांबते असं तो म्हणतो, तीही अतिशयोक्ती. शंकर दास आणि मॅझेंको यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं की तो तीव्र कडा प्रत्यक्षात बोथट व्हायला हवा. २००९ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या गटाने धीर धरून मोजलं, तर त्या टोकापलीकडेही कण शेवटी सुटतात असं त्यांना दिसलं. यावर वाद झाला, आणि वादाचं मूळ बरचसं एकाच प्रश्नात होतं: तुमचा ०.५८ आणि माझा ०.५८ एकच कशावरून? कणांच्या अंगावरचे केस धरायचे की नाही, बाष्पीभवन किती झालं, मापातला फरक किती. हा आकडा एक-दोन टक्क्यांच्या आत खात्रीने सांगणं फार अवघड आहे, आणि काचेजवळ तेवढ्या फरकाने काळ कित्येक पटींनी बदलतो. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा आपल्या आलेखावर ठेवताना हे विसरू नका.

सिद्धांताचं जे भाकीत मला अजूनही आवडतं ते हे. गच्च काचेत थोडं पॉलिमर घातलं की कणांमध्ये हलकं आकर्षण तयार होतं. सहज वाटेल की चिकटले म्हणजे आणखी घट्ट होतील. प्रत्यक्षात आधी काच वितळते. कण जोडीने चिकटले की मध्ये जागा मोकळी होते आणि पिंजऱ्याला फटी पडतात. आणखी पॉलिमर घाला, पुन्हा काच होते, पण या वेळी चिकटण्यामुळे, गर्दीमुळे नव्हे. एडिंबरामध्ये फाम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे स्कॅटरिंगने दाखवलं. दोन काचा, मध्ये द्रव, आणि फरक फक्त चिमूटभर पॉलिमरचा. पहिल्या काचेत सपाटी एका उंचीवर, दुसरीत बरीच वर, कारण चिकटलेल्या कणाला वळवळायलाही जागा नाही.

आता ज्या जागी नव्याने येणारे जवळजवळ सगळे पडतात, तिथे येते. यावर जरा थांबूया.

तुमचं मशीन एका दाण्याकडे बघतं आणि वेळेवर सरासरी काढतं. पातळ द्रवात हे चालतं, कारण थोड्या वेळात त्या दाण्याने उजेडाच्या सगळ्या अवस्था बघून झालेल्या असतात. एका दाण्याकडे तासभर बघणं आणि हजार दाण्यांकडे क्षणभर बघणं, दोन्हीचा हिशेब एकच येतो. याला एर्गोडिक म्हणतात. काचेत कण पिंजऱ्यातून बाहेरच पडत नाहीत. मग तुमच्या वाट्याला आलेला दाणा एकतर कायमचा उजळ, नाहीतर कायमचा अंधारा, आणि त्या कायमच्या उजेडावर थोडी थरथर. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. ते द्रवाचा सीगर्ट संबंध (उजेडाच्या साम्यावरून कणांची हालचाल काढायचं सूत्र) लावून पुढे जातं आणि चुकीचा आलेख अगदी गुळगुळीत छापून देतं.

ओळखायची खूण सोपी आहे. क्युवेट उचलून एखादा मिलिमीटर सरकवा किंवा थोडं फिरवून परत ठेवा आणि काउंट रेट, म्हणजे डिटेक्टरवर किती उजेड पडतोय तो आकडा, बघा. द्रवात तो फारसा बदलणार नाही. काचेत तो कधी निम्मा होईल, कधी दुप्पट, कधी पाचपट. दुसरी खूण: कोरिलेशनचा डाव्या टोकाचा आकडा, म्हणजे इंटरसेप्ट, ताज्या नमुन्यात ०.९ च्या आसपास होता तो घसरत ०.५, ०.२ असा येतो. सॉफ्टवेअर तेव्हा नमुना खराब आहे असा इशारा देतं. लोक लेन्स पुसत बसतात, क्युवेट ॲसिटोनने धुतात. धूळ नसते, नमुना गोठलेला असतो. तो इशारा हेच तुमचं पहिलं खरं निरीक्षण.

यावरचा उपाय प्युझी आणि व्हॅन मेगन यांनीच १९८९ मध्ये दिला. एका दाण्याचं नेहमीसारखं मोजमाप घ्या, मग नमुना हळूहळू फिरवत अनेक दाण्यांचा सरासरी उजेड वेगळा मोजा, आणि दोन्ही आकडे मिळून खरा आलेख काढा. तुमच्या मशीनमध्ये क्युवेट फिरवायची सोय नसेल तर मेहनतीचा मार्ग आहे: तीस-चाळीस जागी मोजा आणि कोरिलेशनची बेरीज करा, प्रत्येक जागेच्या आलेखाला आधी त्याच्या स्वतःच्या सरासरीने न भागता. माझ्या विद्यार्थिनीने हे हाताने केलं होतं, क्युवेटच्या झाकणावर पेन्सिलने खुणा करून. आलेख प्रकाशित झाला. आणखी चांगला मार्ग म्हणजे डिटेक्टरच्या जागी कॅमेरा लावणे. त्याचा प्रत्येक पिक्सेल एक दाणा, एकाच वेळी हजारो. यात वेळही वाचतो, आणि ते फार मोठं आहे. एका दाण्यावर भरवसा ठेवायचा तर मोजमाप त्या काळाच्या निदान काही शे पट चालवावं लागतं. दुसरा उतार १०० सेकंदांवर असेल तर दिवसभर मोजत बसाल, आणि तोवर नमुना म्हातारा होऊन दुसराच झालेला असेल. कॅमेऱ्याचा हा फायदा घेऊनच २०२४ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट आणि डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या गटाने म्हाताऱ्या होणाऱ्या काचेतली थरथर मोजली आणि दाखवलं की पदार्थाच्या स्वतःच्या घड्याळाने मोजली तर ती थरथर पुढे चालवली काय नि उलटी चालवली काय, सारखीच दिसते.

नमुना दुधासारखा पांढरा असेल तर आणखी एक आडकाठी येते. प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर आपटत बाहेर येतो आणि हिशेब कोलमडतो. उपाय म्हणजे द्रवाचा अपवर्तनांक कणाशी जुळवणे. पीएमएमएचा १.५० च्या आसपास असतो. डेकालिन आणि टेट्रालिन हे दोन द्रव: पहिल्याचा त्याच्या थोडा खाली, दुसऱ्याचा थोडा वर, दोन्ही मिसळत गेलं की पांढरी बाटली बघता बघता काचेसारखी स्वच्छ होते. पहिल्यांदा बघाल तेव्हा आणखी एकदा करून बघाल. वास मात्र फ्यूम हुडमध्येच ठेवा. किंवा पांढरेपणाला शरण जायचं: १९८८ मध्ये पाइन, वाइट्झ, चेकिन आणि हर्बोल्झहाइमर यांनी प्रकाश शेकडो वेळा आपटू दिला आणि त्यातूनच कणांची अगदी नॅनोमीटरभर हालचाल मोजली. त्याला डिफ्यूजिंग वेव्ह स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. त्याचं मशीन वेगळं असतं.

खऱ्या रेणूंच्या द्रवांचं काय, हे विचारलेलं नाही, तरी सांगते. ग्लिसरीनची काच १९० केल्विनच्या आसपास होते, म्हणजे शून्याखाली ८३ अंश सेल्सिअस. तुमच्या मशीनची क्युवेटची जागा तिथवर जाणार नाही, आणि रेणूंचं स्कॅटरिंग इतकं मंद असतं की धुळीचा एक कण सगळं झाकून टाकतो. तिथे एकाच मशीनने भागतही नाही. मायक्रोसेकंदाच्या पुढे कोरिलेटर, त्याहून वेगवान हालचालीला फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या रंगातला अगदी बारीक फरक मोजणारं उपकरण), त्याहून वेगवानला रामन स्पेक्ट्रोस्कोपी. हर्मन कमिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅलॉल आणि कॅल्शियम-पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण या दोन काचांवर इंटरफेरोमीटर लावून मोड-कपलिंगचं भाकीत रेणूंच्या पातळीवर तपासलं. आणि ग्लिसरीनचं आपल्याकडे जुनं नातं आहे. कोलकात्यात रामन यांचे सहकारी वेंकटेश्वरन यांना १९२८ च्या शोधाच्या आधी असं दिसलं होतं की अतिशय शुद्ध केलेल्या ग्लिसरीनमधून विखुरलेला सूर्यप्रकाश नेहमीसारखा निळा न दिसता झळाळता हिरवा दिसतो. रामन यांनी नोबेल व्याख्यानात त्या हिरव्या रंगाचा उल्लेख केलाय. काचेच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात नेहमीचा द्रव हाच.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. पहिला महिना लॅपोनाइट, ३ टक्के. पावडर आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या, ती हवेतलं पाणी पिते आणि तुमचे ३ टक्के अडीच होतात. पाणी शुद्ध, पीएच १० च्या आसपास. पीएच फार उतरला तर माती हळूहळू विरघळते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तो उतरवतो, म्हणून क्युवेट पॅराफिल्मने बंद. दुसऱ्या टप्प्यात पीएनआयपीएएम या पॉलिमरचे मायक्रोजेल घ्या. ते स्पंजसारखे मऊ गोळे असतात आणि साधारण ३२-३३ अंश सेल्सिअसच्या वर आक्रसतात. म्हणजे एकाच क्युवेटमध्ये तापमान कमी केलं की गोळे फुगतात आणि गर्दी वाढते. नवा नमुना करायची गरज नाही, आणि गरम करून पुन्हा द्रवाकडे परत येता येतं. त्यात एक जास्तीचा मुद्दाही आहे: २००९ मध्ये मॅटसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोळा जितका मऊ, तितका त्याचा वेग गर्दीसोबत जास्त सावकाश आणि समान गतीने मंदावतो, कडक गोळे मात्र शेवटी एकदम अडकतात.

मशीनची जागा बघून घ्या. आमच्याकडे आलेखात कित्येक आठवडे एक उंचवटा येत होता, दहा-पंधरा मिनिटांनी एकदा. कारण शोधायला लिफ्टपासून शेजारच्या पंपापर्यंत सगळं पाहून झालं. शेवटी एसीचा कॉम्प्रेसर निघाला. काच जितकी जवळ, तितका असा धक्का मोठा दिसतो, कारण आतलं बाकी सगळं शांत झालेलं असतं.

आणि वही ठेवा, संगणकावरची फाइल नव्हे. प्रत्येक रीडिंगपुढे फिल्टर केल्याची वेळ, तापमान, काउंट रेट, इंटरसेप्ट, आणि मधल्या काळात क्युवेटला कोणाचा हात लागला का ते. चौथ्या दिवशी दुसरा उतार अचानक डावीकडे आलेला दिसला, तर सहसा कोणीतरी 'जागेवर नीट ठेवलं' असतं.